चार बॉल

गावंडे सर लिंबूपाण्याचा ग्लास घेऊन मैदानात निघाले, तेव्हा मी होमप्लेटमागच्या, म्हणजे फलंदाजाच्या पाठीमागच्या, जागेवरून उठून जीव तोडून ओरडलो, "सर, मागे फिरा! रेष ओलांडू नका!"

त्यांना ऐकू गेलं नाही. कसं जाणार? मे महिन्यातली दुपार, परतवाड्याचं मिलमागचं मैदान, आणि चारी बाजूंनी हजारभर माणूस घसा फाडून ओरडत होतं. सर आपले ग्लासावर एक हात ठेवून, पाणी सांडू नये म्हणून जपून पावलं टाकत, चुन्याची पांढरी रेष ओलांडून थेट विजूपाशी पोचले. विजू इंगोले आमचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. एकवीस वर्षांचं पोरगं सकाळी अकरापासून उन्हात फेकत होतं आणि आता त्याच्या ओठांवर पांढरी साय आली होती. सरांना दया आली. माणूस मनाने हळवा, त्याला कोण काय करणार!

पण बेसबॉलचा एक नियम आहे. एका डावात प्रशिक्षकाने पिचरपाशी एकदा जावं. दुसऱ्यांदा गेला की त्या पिचरला बाहेर काढावंच लागतं. आणि सर त्याच डावात दहा मिनिटांपूर्वी एकदा जाऊन आले होते.

नागपूरहून आलेले चष्मेवाले पंच शांतपणे चालत गेले. "सर, पिचर बदला."

"अहो, मी बोलायला नाही आलो. पोराला पाणी पाजायला आलो."

"पाजा की. मग बदला."

सरांनी वाद घातला, हात जोडले, नियमाचं पुस्तक मागवलं. पुस्तकात पाण्याला सूट नव्हती. शेवटी विजू तो ग्लास पिऊन रडत बाहेर गेला आणि सर आमच्या बाकाकडे पाहत उभे राहिले. बाकावर एकच पिचर उरला होता.

"दुसरं कोणी नाही का रे?" सरांनी मला विचारलं.

"नाही सर. उमकच आहे."

त्यांनी डोक्याला हात लावला. तेवढ्यात कुंपणाजवळून कोणीतरी ओरडलं, "चार-बॉल! चार-बॉल आला रे!" आणि सगळं मैदान हसलं.

या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. तेव्हा मी शाळेत पी.टी.चा मास्तर होतो आणि आमच्या नवप्रकाश मंडळाचा कॅचर. कॅचर म्हणजे क्रिकेटमधला विकेटकीपर समजा, फक्त उकिडवा बसून गुडघ्यांचं वाटोळं करून घेणारा. प्रल्हाद उमकचे चेंडू मी दहा वर्षं पकडले. त्यामुळे त्याच्याबद्दल बोलायचा हक्क माझ्याइतका कोणाला नाही.

एकोणिसाव्या वर्षी प्रल्हाद राज्याच्या संघात गेला. खांद्यावरून असा फेकायचा की जाड हातमोजा घालूनही घरी गेल्यावर मला तळहाताला हळद लावावी लागे. पेपरात फोटो आला, गावातून जीपमधून मिरवणूक निघाली. तेविसाव्या वर्षी खांदा गेला. गेला म्हणजे असा, की शर्टाची बाही चढवायला बायको लागायची. दोन वर्षं तो मैदानाकडे फिरकला नाही, बापाबरोबर घरदुरुस्तीच्या कामांवर जात राहिला. मग परत आला तर सरांनी त्याला लांब कोपऱ्यात उभं केलं, आणि तिथे त्याने इतके झेल सोडले की लोक त्याला टोपलं घेऊन उभा राहा म्हणू लागले. एकदा नाइलाजाने सरांनी त्याला शेवटच्या डावात चेंडू दिला. त्याने सामना वाचवला. मग दुसरा वाचवला, मग तिसरा. दमलेल्या पिचरच्या जागी शेवटचा एक डाव टाकायला येणारा माणूस, अशी त्याची नवी ओळख झाली. आग लागली की बोलवायचं, विझली की विसरायचं, अशा जातीचं ते काम. पण त्याला ते आवडायचं.

आणि मग या सामन्याच्या आदल्या वर्षीची अकोल्याची फायनल. समोर, आजच्यासारखाच, वर्ध्याचा संघ, शेवटचा डाव, धावा सारख्या, तिन्ही बेसवर त्यांचे गडी. खेळ माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो: पिचरने नीट टप्प्यात फेकला किंवा फलंदाजाची बॅट हुकली तर स्ट्राइक, बाहेर फेकला तर बॉल. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद. चार बॉल झाले की तो फुकट पहिल्या बेसवर जातो, आणि तिन्ही बेस भरलेले असतील तर सगळे एकेक बेस पुढे सरकतात, तिसऱ्या बेसवरचा घरी, म्हणजे होमप्लेटवर, येतो आणि एक धाव फुकट मिळते. अकोल्यात प्रल्हादने लागोपाठ चार बॉल टाकले. त्या फुकटच्या धावेवर आम्ही हरलो. खांदा दुखत होता, हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, आणि हरल्यावर सांगण्यात काही अर्थ नव्हता. तेव्हापासून त्याचं नाव चार-बॉल पडलं. पानठेल्यावर चार-बॉल, बाजारात चार-बॉल. त्याची पोरगी शाळेतून रडत आली तीही त्याच नावाने.

दुसरा कोणी असता तर त्याने मैदानाचा रस्ताच सोडला असता. हा दुसऱ्या महिन्यात पहाटे माझ्या दारात उभा. "मोहोड्या, हातमोजा घे. नवीन हात दाखवतो." खांद्यावरून फेकणं त्याने सोडून दिलं होतं. आता तो कमरेच्या बाजूने, खालून वर, मनगटाच्या एका हेलकाव्याने चेंडू सोडायचा. वेग म्हणाल तर लग्नात अक्षता टाकतात तितका. मी हसलोसुद्धा. पण मी हातमोजा गुडघ्याशी धरला की चेंडू गुडघ्याशी, कोपराशी धरला की कोपराशी. दहा महिने रोज सकाळी आम्ही हेच केलं. सर मात्र ऐकायला तयार नव्हते. अख्ख्या स्पर्धेत त्यांनी त्याला एका दुबळ्या संघासमोर एक डाव दिला, तोही आम्ही चौदा धावांनी पुढे असताना.

परतवाड्याच्या या फायनलच्या दिवशी सकाळी तो मला म्हणाला होता, "बाबा येऊन राहिले आज. पहिल्यांदा."

"मग?"

"मंग काही नाही. एक डाव भेटला पायजे. त्यायच्या समोर ते नाव पुसून टाकायचं हाये मले. बाकी काही नको."

बाबा खरंच आले होते. सुखदेवकाका, वय साठीचं, सावळे, काटक. कडुनिंबाखाली कुंपणाला टेकून बसले होते. सामना सुरू व्हायच्या आधी मी त्यांना पाणी नेऊन दिलं तर त्यांनी मला हळूच विचारलं, "मास्तर, हे लोक माह्या पोराले चार-बॉल म्हणतात, ते काय असते?" मी शक्य तितकं सौम्य करून सांगितलं. त्यांनी पाणी संपवून भांडं माझ्या हातात परत दिलं.

तर असा प्रल्हाद उमक बाकावरून उठला. आम्ही पाच, वर्धा तीन. त्यांचा शेवटचा डाव. दोन गडी बाद, तिसरा बाद केला की आम्ही जिंकलो. पण तिन्ही बेस भरलेले, आणि बॅट घेऊन भुयार उभा. भुयारने त्या दिवशी विजूचा चेंडू तीनदा कुंपणापर्यंत पिटाळला होता. आमच्या भागात त्याच्याइतका चेंडू कोणी बडवला नाही.

मी चेंडू घेऊन प्रल्हादपाशी गेलो.

"भुयार हाये," मी म्हणालो.

"दिसते मले."

"खाली ठेव. मारला तरी जमिनीवरून गेला पायजे."

त्याने चेंडू दोन्ही हातांनी चोळला. भुयारकडे पाहिलं, मग भुयारच्या मागे बॅट घेऊन बसलेल्या पुढच्या पोराकडे पाहिलं. "मोहोड्या, काही झालं तरी चेंडू सोडू नको. मांगं गेला तर दोन जण घरी येतीन."

"तू नीट टाक, मी पकडतो."

यावर तो हसला नाही. मी परत येऊन बसलो, तोंडावर जाळी ओढली, हातमोजा खाली मांडला.

पहिला चेंडू भुयारच्या खांद्यावरून गेला. मला अर्धवट उभं राहून तो धरावा लागला. बॉल. ठीक आहे, पहिला आहे, हात बसायला वेळ लागतो. मी पुन्हा खाली बसलो.

दुसरा हातभर बाहेरून गेला. मी आडवा पडलो तेव्हा तो मोज्यात आला. कुंपणाकडून आवाज सुरू झाला: "चार-बॉल! चार-बॉल!" आधी पाचसहा जण, मग टाळ्यांच्या ठेक्यावर सगळेच. आमच्याच गावचे लोक, बरं का. वर्ध्याचे तर नुसते हसत होते.

गावंडे सरांची अवस्था बघवत नव्हती. पुन्हा काही भलतंच व्हायला नको म्हणून ते चुन्याच्या रेषेला बुटांची टोकं लावून उभे होते आणि कमरेत वाकून, दोन्ही हात आत घालून ओरडत होते, "उमक! अरे मधात टाक! मधात टाक, बाबा!" पाय मात्र इंचभर पुढे सरकत नव्हता.

तिसरा चेंडू भुयारच्या गुडघ्यांवर आला. भुयार उडी मारून बाजूला झाला आणि दात काढून हसला. "मारतं का आता मले?" तो म्हणाला.

मी चेंडू परत फेकला तेव्हा प्रल्हाद माझ्याकडे पाहतच नव्हता. त्याची नजर कडुनिंबाकडे होती. सुखदेवकाका उठले होते. त्यांनी दुपट्टा झटकला, खांद्यावर टाकला, आजूबाजूला ओरडणाऱ्या लोकांमधून वाट काढली आणि कुंपणाच्या फाटकातून बाहेर पडले. मागे वळूनही पाहिलं नाही. प्रल्हाद ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहिला. मग त्याने उजवा तळवा पँटला पुसला.

वाटलं, संपला हा माणूस. ज्याच्यासाठी दहा महिने राबला तोच उठून गेला, आता याचा हात काय चालणार!

चौथा चेंडू पुन्हा भुयारच्या डोक्यावरून. तो मी उभा राहून धरला. बॉल. भुयारने बॅट टाकली आणि हलत डुलत पहिल्या बेसकडे निघाला. तिसऱ्या बेसवरचा गडी चालत घरी आला. पाच-चार. मैदानात असा गोंधळ उठला की पंचांना हात वर करून लोकांना खाली बसवावं लागलं.

मी जाळी काढून तरातरा त्याच्याकडे गेलो. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. "काय करून राहिला बे तू? ध्यान कुठी हाये?"

"हळू बोल," प्रल्हाद म्हणाला. आवाज अगदी थंड. "पाठ फिरवू नको. नुसतं डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यायच्या सरकडे पाह्य."

वर्ध्याचे खेडकर सर बाकापुढे उभे होते. नवीन फलंदाज, वर्ध्याचा शेवटच्या नंबरचा एक किडकिडीत पोरगा, त्यांच्याकडे पाहत होता, आणि सर दोन्ही तळवे जमिनीकडे दाबत होते. खाली, खाली. बॅट हलवू नको. नुसता उभा राहा. हा पिचर तुला फुकट पाठवणार आहे.

"पाह्यलं?" प्रल्हाद म्हणाला. "तो हालत नाही आता. मधात मांड."

मला कळायला दोन क्षण लागले. "तू मुद्दाम टाकले? चारही?"

"भुयारले काहीबी टाकलं तरी तो मारते. माहा खांदा होता तेव्हाबी मारे. त्यानं मारला असता तर तीन धावा गेल्या असत्या. एक देऊन सुटलो."

"मग मले सांगाचं होतं नं! मी उभा राहून बाहेर हात धरला असता, सारेच मुद्दाम देतात तसं."

"तसं दिलं असतं तर मुद्दाम दिला हे त्यायले समजलं असतं. मंग हा पोट्टा बॅट फिरवत आला असता. आता पाह्य, दगडावाणी उभा हाये."

मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. लोक अजून ओरडतच होते. "प्रल्हाद," मी म्हणालो, "बाबा गेले रे."

त्याने माझ्या मोज्यातून चेंडू काढून घेतला. "जाय, बस," तो म्हणाला.

पहिला चेंडू आला तो कमरेच्या बाजूने, मनगटाच्या हेलकाव्याने, बरोबर मधोमध. इतका सावकाश की त्याचे टाके मोजता आले असते. पोरगा बॅट खांद्यावर ठेवून उभा. स्ट्राइक! लोक हसले. चुकून पडला असेल, असं सगळ्यांनाच वाटलं. खेडकर सरांनी पुन्हा तळवे खाली दाबले.

दुसरा, त्याच जागी. पोराने सरांकडे पाहिलं, बॅट उचलू की नको अशा विचारात मनगटं थोडी हलवली, तोवर चेंडू माझ्या हातात. स्ट्राइक दोन. आता मैदान गप्प झालं. खेडकर सर दोन्ही हात हवेत फिरवून ओरडायला लागले, "मार! मार!" आमचे सर रेषेवर होते तिथेच खाली बसले.

तिसऱ्याला मारणार हे प्रल्हादला माहीत होतं आणि मलाही. पोरगं दातओठ खाऊन उभं राहिलं. प्रल्हादने हात अगदी तसाच आणला, पण चेंडू त्याहून हळू सोडला. पोराने सगळ्या ताकदीने बॅट फिरवली आणि बॅट पूर्ण फिरून गेल्यावर चेंडू आला, सावकाश, खाली बुडत. मी दोन्ही गुडघे टेकून तो पोटाशी धरला आणि तसाच त्याच्यावर पालथा पडून राहिलो. तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटला तर बाद झालेला फलंदाजही पळू शकतो, त्यामुळे हा सुटला असता तर सगळं मातीत जाणार होतं.

जिंकलो. पोरं मला उचलायला धावली, विजूला खांद्यावर घेतलं. गावंडे सर रेष ओलांडून आत आले, कारण आता ओलांडायला हरकत नव्हती. त्यांनी प्रल्हादच्या पाठीवर थाप मारली. "वाचलास रे उमक! देवानंच वाचवलं तुला."

"हो सर," प्रल्हाद म्हणाला.

थोड्या वेळाने खेडकर सर आमच्याकडे आले. म्हातारा मुरलेला माणूस, तीस वर्षं पोरं घडवलेली. त्यांनी प्रल्हादचा हात हातात घेतला आणि डोळे बारीक करून विचारलं, "ते पहिले चार, उमक. हात थरथरला, का...?"

मी तोंड उघडलं. प्रल्हादने खिळ्यांचा बूट माझ्या पायावर ठेवला आणि जोर दिला.

"थरथरला, सर," तो मान खाली घालून म्हणाला. "भुयारभाऊ समोर होते नं. मागच्या वर्षीचं ध्यानात आलं."

खेडकर सरांनी जरा वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवत निघून गेले. बक्षीस देताना नगराध्यक्षांनी भाषण केलं. त्यात विजूचं कौतुक झालं, सरांच्या शिस्तीचं झालं, आणि नशिबाने ऐनवेळी साथ दिली असंही त्यांनी सांगितलं. लोक हसले. प्रल्हाद मागच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता.

मैदान रिकामं झाल्यावर मी त्याच्यावर उखडलो. "मूर्ख हायेस का तू? दहा महिने तू ते नाव पुसायले घाम गाळला. आज पुसाचं होतं तर स्वतःच्या हातानं आणखी पक्कं केलं. सांगाचं नं सगळ्यायले!"

"सांगितलं तर पुढच्या वर्षी बॅट खांद्यावर ठेवून कोण उभं राहीन? हेच लोक पुन्हा भेटतीन."

"पुढच्या वर्षीचं जाऊ दे!"

तो बुटाची नाडी सोडत होता. सोडता सोडता म्हणाला, "दोनातलं एकच होणार होतं, मोहोड्या. नाव पुसाचं, नाहीतर सामना जिंकायचा. सामना साऱ्यायचा होता. नाव माहं एकट्याचं होतं."

माझ्या आयुष्यात मी खूप खेळाडू पाहिले, काही माझ्या हाताखालून राज्याच्या, देशाच्या संघातही गेले. प्रल्हादपेक्षा जोरात फेकणारे डझनांनी असतील. पण हजार माणसं नावाने हिणवत असताना, बाप उठून चाललेला दिसत असताना, चौथा चेंडू ठरवल्याप्रमाणे वाकडा टाकायला जी छाती लागते, ती मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही. त्या दिवशी मी त्याच्यापुढे मनातल्या मनात हात जोडले.

"निदान बाबायले तरी सांग," मी म्हणालो.

"त्यायले काय सांगू? ते तर थांबलेच नाहीत." एवढं बोलून त्याने बूट पिशवीत घातले.

पुढच्या वर्षी वर्ध्याचे दोन फलंदाज त्याच्यासमोर खरोखरच बॅट खांद्यावर ठेवून उभे राहिले, पण ते असो. आता खेडकर सर नाहीत, भुयारची नातवंडं खेळतात, फसवायला कोणी उरलेलं नाही, म्हणून हे लिहायला हरकत नाही. पण फायनलनंतर दोनच दिवसांनी मी त्याचं गुपित फोडलं, तेही कबूल करतो. मला राहवेना. बाकी जगाने काय म्हणायचं ते म्हणावं, पण बापाला ठाऊक असायला हवं होतं.

मिलच्या जुन्या क्वार्टरांवर त्यांचं काम चाललं होतं. पावसाळ्याच्या आत कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरून नीट बसवायचे होते. मी सायकल लावली आणि पाहिलं तर सुखदेवकाका वर छपरावर आढ्याशी बसलेले, आणि खाली अंगणात कवेलूंच्या ढिगाशेजारी प्रल्हाद. तो एकेक कवेलू उचलायचा आणि कमरेच्या बाजूने, खालून वर, मनगटाचा हेलकावा देऊन सोडायचा. कवेलू हळूच वर जायचा आणि काकांच्या तळव्यावर अलगद टेकायचा. काका त्याच्याकडे पाहतसुद्धा नव्हते. डोळे कामावर, डावा हात बाजूला पसरलेला. हात पसरायचा, कवेलू यायचा. मी तोंड उघडं ठेवून बघत राहिलो. दहा महिने ज्याला मी नवीन हात समजत होतो तो हा कवेलू फेकायचा जुनाच हात होता.

"या मास्तर," काका वरून म्हणाले. "कसे काय आज इकडे?"

"काका, तुम्हाला एक सांगायला आलो."

"मोहोड्या," प्रल्हाद खालून गुरकावला, "चूप."

मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. "काका, परवा त्यानं जे चार चेंडू वाकडे टाकले, ते चुकून नव्हते. मुद्दाम टाकले होते. तुम्ही उठून गेलात, नाहीतर..."

"मले माहीत हाये," काका म्हणाले.

प्रल्हादच्या हातात कवेलू तसाच राहिला.

"माहीत आहे?"

"दुसऱ्या चेंडूलेच समजलं. तुमचा तो खेळ मले समजत नाही मास्तर, पण फेकणं समजते. चुकणारा माणूस कसाबी चुकते. एखादा तरी तुमच्या डोक्यावरून मांगं जायले पायजे होता. मी होतो तोवरचे तिन्ही चेंडू वाकडे गेले, आन तिन्ही तुमच्या हातात गेले. असं कोणी चुकते काय?"

मला माझ्याच हातमोज्याची लाज वाटली. ते चार चेंडू मी स्वतः पकडले होते, आणि ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

"मग तुम्ही उठून कशाला गेलात?"

काकांनी दुपट्ट्याने कपाळ पुसलं. "मले हसू येऊन राहिलं होतं. बाजूचे सारे शिव्या देऊन राहिले, आन त्याचा बाप एकटा हसून राहिला, तर कोणाच्या ध्यानात नसतं आलं का? पोट्ट्याचा डाव उघडा पडला असता. म्हणून उठलो. फाटकाच्या बाहेर, भिंतीमांगं उभा होतो शेवटपर्यंत. तिथून आवाज ऐकू येते."

"आणि घरी? घरी त्याला सांगितलं नाही?"

"त्यानं कुठी विचारलं?" काका म्हणाले. मग आपल्या कामाकडे वळून त्यांनी डावा हात पसरला. "आण रे. ऊन चढून राहिलं."

प्रल्हाद आमच्याकडे पाठ करून उभा होता. एका हाताच्या बाहीने त्याने तोंड पुसलं, दुसऱ्या हातातला कवेलू वर सोडला. तो काकांच्या हातापासून चांगला वीतभर लांबून गेला, आढ्यावर आदळला आणि त्याचे तीन तुकडे होऊन घरंगळत खाली आले.

काकांनी मान वळवून त्या तुकड्यांकडे पाहिलं.

"हा चुकला," ते म्हणाले.